समन्स नवऱ्याचं, सही कुणाची?

आळंदीत लग्नं लागतात त्याला सुमार नाही. बाहेरगावाहून आलेली जोडपी, दोन हार, साक्षीदार म्हणून चार मित्र, की झालं. त्यामुळेच की काय, इथे एक समजूत फार पक्की आहे: अक्षता पडल्या की नवऱ्याचं देणं ते बायकोचं देणं. तिच्या जोडीला दुसरी असते, आणि ती जास्त घातक: समन्स घेतलंच नाही तर केस उभीच राहत नाही.

पहिलीचा निकाल आधी लावू. नवऱ्याच्या क्रेडिट कार्डाचंच घ्या: कार्ड हा बँक आणि कार्डधारक यांच्यातला करार. सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून तुमची सही नसेल, तर निव्वळ लग्नामुळे ते देणं तुमच्या अंगावर येत नाही. नवऱ्याच्या खात्यावरचं ॲड-ऑन कार्ड तुम्ही वापरलं असलं तरी देणं मूळ कार्डधारकाचं, असं रिझर्व्ह बँकेचे निर्देश सांगतात. यावर हमखास कुणीतरी 2025 ची बातमी दाखवतं, ‘बायकोचं देणं नवऱ्याच्या माथी, सुप्रीम कोर्टाचा निकाल’. तो निकाल मुळातून वाचावा. प्रकरण मुंबईचं, बायकोच्या शेअर खात्यातल्या तुटीचं. नवरा जबाबदार ठरला तो नवरा म्हणून नव्हे. त्या खात्याच्या व्यवहारात त्याचा सहभाग होता आणि देणं दोघांचं, असा तोंडी करार झाल्याचं लवादाला दिसलं होतं. मथळ्यात एवढं मावत नाही.

आता दुसरी समजूत. नवरा चाकणला पहिल्या पाळीला गेलेला, बायको घरी, दारात कोर्टाचा बेलीफ. शेजारचे काका जिन्यातूनच ओरडतात, “घेऊ नकोस गं, सही केलीस की अडकलीस!” काका, ती सही कर्जावरची नसते हो, कागद मिळाल्याची पोच असते. पोस्टमनच्या रजिस्टरवर करतो तशी. किती वेळा सांगायचं?

न घेतल्याने काय होतं ते दिवाणी प्रक्रिया संहितेच्या पाचव्या आदेशात लिहिलेलं आहे. प्रतिवादी घरी नसेल आणि लवकर भेटण्याची शक्यता नसेल, तर सोबत राहणाऱ्या सज्ञान कुटुंबीयाकडे, म्हणजे बायकोकडेही, समन्स देता येतं. नाकारलं तर बेलीफ प्रत दाराला चिकटवतो, कुणासमक्ष चिकटवली ते लिहितो आणि अहवाल कोर्टात देतो. कोर्ट तो ग्राह्य धरून बजावणी झाल्याचं नोंदवतं. पुढच्या तारखांना प्रतिवादीचा पुकारा होतो, कुणी हजर नसतं, दावा एकतर्फी चालतो. मग हुकूमनामा, मग त्याच्या अंमलबजावणीची दरखास्त, आणि एके दिवशी कंपनीच्या एचआरकडे पगार जप्तीचा आदेश. तेव्हा “आम्हाला कळलंच नाही” म्हणून एकतर्फी हुकूमनामा रद्द करायचा अर्ज करता येतो, पण त्यालाही 30 दिवसांची मुदत आहे. आणि फायलीत ‘समन्स घेण्यास नकार’ असा शेरा आधीच बसलेला असतो.

म्हणून कागद घ्या आणि आधी नाव बघा. फक्त नवऱ्याचं नाव असेल तर उत्तर त्याने द्यायचं, तुम्ही तो त्याच दिवशी त्याच्या हातात ठेवायचा. पण ‘प्रतिवादी क्र. 2’ म्हणून तुमचं नाव असेल, तर देणं माझं नाहीच म्हणून घरी बसणं हा सगळ्यात महाग पडणारा खरेपणा. ते कोर्टात लेखी सांगावं लागतं, त्याला कैफियत म्हणतात. “अर्जावर माझी सही नाही, असेल तर मूळ अर्ज दाखल करा,” हा तिचा गाभा. समन्स मिळाल्यापासून 30 दिवस, कारण पटलं तर 90 पर्यंत. समन्सवर ‘आदेश 37’ दिसला तर तो समरी सूट. तिथे हजेरी नोंदवायला 10 च दिवस असतात, त्यामुळे वकील त्याच आठवड्यात गाठा.

कोर्ट कुठलं तेही समन्सवर असतं. आळंदीला पोलीस पिंपरी-चिंचवडचे असले तरी तालुका खेड, त्यामुळे इथल्यांना बहुधा राजगुरुनगरचंच कोर्ट माहीत. बँकेने दावा दुसरीकडे लावला असेल तर तिकडे जावं लागेल. वकिलाला पैसे नाहीत? 1987 च्या विधी सेवा कायद्याने स्त्रीला उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा.

बाकीचे गैरसमज झटपट.

पोलीस पकडून नेतील? पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 56.

मंगळसूत्र नेतील? रूढीने स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण जप्तीतून वगळलेलं आहे, त्याच संहितेचं कलम 60.

चेक नवऱ्याचा, खातं दोघांचं? चेक बाउन्सचं समन्स फौजदारी असतं. ते टाळलं तर वॉरंट निघू शकतं, तेव्हा कोर्टात जाच. पण चेकवर सही नसलेल्या बायकोवरचा असा खटला सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये रद्द केला. तेही महाराष्ट्रातलंच प्रकरण.

लोकअदालतीची नोटीस? ती समन्स नव्हे. तडजोड करायची सक्ती नाही, पण सही केलीत तर तो हुकूमनामाच, त्यावर अपीलही नाही.

व्हॉट्सॲपवर आलेलं ‘समन्स’? सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक ई-कोर्ट्स ॲपमध्ये टाकून बघा.

आणि नवरा वारला तर? त्याची जी मालमत्ता वारस म्हणून तुमच्या हाती आली, तेवढ्यापुरतंच देणं. हे काही आजचं नाही. मुंबई इलाख्यात 1866 साली हिंदू वारसांसाठी तसा कायदा झाला. विधवेशी लग्न करणाऱ्याच्या गळ्यात तिच्या पहिल्या नवऱ्याचं कर्ज बांधता येणार नाही, हेही त्यातच होतं. म्हणजे तेव्हाही कुणी काका जिन्यातून ओरडत असणार.