मुलांस आलेख वाचावयास कसे शिकवावे?

अक्षरांची व अंकांची ओळख झाली की मुलाचे वाचन साधले, असा समज पुष्कळ सुशिक्षित घरांतही आढळतो. परंतु पाऊस, बाजारभाव, निवडणूक यांपैकी कशाचेही वृत्त आज वाचावयास घेतले, तर त्यात बहुधा आलेख असतोच. तो ज्यास उमगत नाही, तो साक्षर असूनही दुसरा सांगेल त्यावर विसंबतो. यास्तव हे शिक्षण बालवयातच कसे द्यावे, याचा येथे विचार करू.

ही विद्या फार प्राचीन नव्हे. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्कॉटलंडची आयात-निर्यात पट्ट्यांच्या लांबीने दाखविली. स्तंभालेखाचा उगम सामान्यतः तेथे मानतात. आपल्याकडे बालभारतीने गेल्या दशकातील पुस्तकांत पाचवीस चित्रालेख, सहावीस स्तंभालेख व सातवीस जोडस्तंभालेख असा क्रम ठेवला. क्रम उत्तम आहे. पण घरी आरंभ करण्यास पाचवीची वाट पाहण्याचे कारण नाही.

शिरूर तालुक्यातील शिक्रापूरचेच उदाहरण घेऊ. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हा मुलूख. पावसाचा विषय येथे घरोघर निघतो. सरळ काठाचे, सपाट बुडाचे भांडे अंगणात उघड्यावर ठेवावे. रोज सकाळी पाण्याची उंची पट्टीने मोजून मुलाने तेवढ्याच उंचीची कागदी पट्टी कापावी, भिंतीवर वाराखाली चिकटवावी आणि भांडे रिते करावे. पाऊस न पडेल त्या वाराची जागा मोकळी ठेवावी. शून्य हीही माहितीच होय. आठवड्याने भिंतीवर स्तंभालेख उभा राहतो. मग क्रमाने विचारावे: सर्वांत अधिक पाऊस कोणत्या दिवशी? सोमवारहून बुधवारी किती जास्त?

यानंतर प्रमाणाचा पाठ. पुण्यास वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. घाटमाथ्यावरील महाबळेश्वरी ५,००० मिलिमीटरहून अधिक. १०० मिलिमीटरांस १ सेंटिमीटर धरले, तर पुण्याची पट्टी ७ सेंटिमीटर होते आणि महाबळेश्वरची ५० सेंटिमीटरांच्याही पुढे जाऊन वहीत मावत नाही. प्रमाण का बदलावे लागते, हे मुलास तेव्हा आपोआप कळते. आता मुद्दाम दोन्ही ठिकाणच्या पट्ट्या निरनिराळ्या प्रमाणांनी सारख्या उंचीच्या काढाव्या आणि विचारावे, "पाऊस सारखाच पडला काय?" केवळ उंची पाहणारे मूल "होय" म्हणेल, प्रमाण वाचणारे हसेल.

दुसरी फसगत याहून सूक्ष्म. समजा, ज्वारी ४० रुपये किलो होती, ती ४४ झाली. स्तंभ शून्याऐवजी ३८ पासून काढले, तर दुसरा पहिल्याच्या तिप्पट दिसतो. प्रत्यक्ष वाढ मात्र दहावा हिस्सा. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून मुलासच भेद शोधू द्यावा.

शिक्रापूरच्या आसपास शेतीही आहे आणि सणसवाडी-रांजणगावचे कारखानेही. शेतकऱ्याच्या मुलास उद्या बाजारभाव पारखावयाचा आहे, कामगाराच्या मुलास वेतनवाढ. आपल्या घरांतही वीजबिलावर मागील महिन्यांच्या वापराचे स्तंभ असल्यास आजोबांनी ते नातवंडांकडून वाचून घ्यावे. आधी प्रमाण, मग आरंभाचा अंक आणि शेवटी उंची, एवढा क्रम अंगवळणी पडला, तर त्या मुलास आकड्यांच्या चित्राने फसविणे कठीण, असा आमचा विश्वास आहे.