यंत्रातलं गाणं – भाग ९ : ‘काउबॉय’ची काटछाट

मागच्या भागात आपण १९८१ साली ‘डेपेश मोड’मधून बाहेर पडलेल्या व्हिन्स क्लार्कपाशी थांबलो होतो. ॲलिसन मोयेसोबतचं त्याचं ‘याझू’ दोन अल्बमांत आटोपलं. १९८५ मध्ये गायक हवा म्हणून त्याने ‘मेलडी मेकर’ या साप्ताहिकात जाहिरात दिली. त्यातून अँडी बेल मिळाला आणि ‘इरेजर’ ही जोडी जमली. क्लार्क सिंथेसायझरमागे अबोल, तर बेल झगमगीत कपड्यांत रंगमंच गाजवणारा. १९८८ च्या ‘द इनोसंट्स’पासून १९९४ पर्यंत, एक संकलन धरून, त्यांचे सलग पाच अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले.

१९९५ मध्ये मात्र त्यांनी वाट बदलली. जोडीच्याच नावाचा तो अल्बम तासाहून मोठा. गाण्यांआधी लांबलचक वादन, एक गाणं तर सुमारे १० मिनिटांचं. तो १४ व्या क्रमांकावर थांबला. दोन वर्षांनी ‘काउबॉय’ आला, तेव्हा गाणी पुन्हा तीन-चार मिनिटांवर आली होती आणि ध्रुवपदाला फार वाट पाहावी लागत नव्हती. गॅरेथ जोन्स दोन्ही अल्बमांचा सहनिर्माता होता. म्हणजे हा फरक माणसं बदलल्यामुळे पडला, एवढंच म्हणून भागत नाही.

याला माघार म्हणायचं का? त्यासाठी ही जोडी गाणं कसं रचते ते पाहू. क्लार्क गिटारवर किंवा पियानोवर स्वरसंगती धरतो, बेल त्यावर चाल गुणगुणतो. यंत्रं नंतर येतात. गिटारवर जे गाणं तग धरत नाही, त्याला सिंथेसायझर वाचवू शकत नाही. क्लार्कच्या आवडीचे अनेक जुने ॲनालॉग सिंथेसायझर बासरीसारखे एका वेळी एकच सूर वाजवतात. त्यामुळे स्वरसंगती एका दमात दाबून मिळत नाही. बेस, मधली नक्षी, गायकाला उत्तर देणारी धून असे पदर सुटे रचून एकमेकांत गुंतवावे लागतात. दहा मिनिटांच्या गाण्यात एखादा पदर नुसता रेंगाळला तरी खपतो. साडेतीन मिनिटांत प्रत्येकाला काम हवं, नाहीतर तो काढून टाकायचा. साधेपणाची मेहनत असते ती या काटछाटीत.

बाजाराने या मेहनतीचं फळ अर्धंच दिलं. गिटारवाल्या ब्रिटपॉपने गाजवलेल्या त्या काळात ‘काउबॉय’ १० व्या क्रमांकापर्यंत पोचला. पहिलं स्थान काही परत मिळालं नाही, आणि २००० चा ‘लव्हबोट’ तर ४५ वर राहिला. म्हणून ‘काउबॉय’ला पुनरागमन म्हणणं जरा जास्तच होईल. आपलं बळ कशात आहे हे ओळखून एका जोडीने घेतलेला तो निर्णय होता.

या आठवड्यात ‘काउबॉय’मधलं ‘इन माय आर्म्स’ दोनदा ऐका : एकदा फक्त बेलचा आवाज, एकदा फक्त त्यामागचे पदर. पुढच्या भागात ‘पेट शॉप बॉइज’. १९९० च्या ‘बिहेवियर’साठी ही दुसरी इंग्रज जोडी जुन्या ॲनालॉग यंत्रांच्या शोधात म्युनिकला का गेली, ते पाहू.