विमान उतरताना अडखळते ते कुठे?

मुंबईच्या धावपट्टी २७ वर विमान पूर्वेकडून येते. ठाण्याची खाडी मागे पडते, घाटकोपरची टेकडी खालून सरकते, मग कुर्ल्याची दाट वस्ती आणि तिच्या पलीकडे धावपट्टीचे दिवे. घरात बसून फ्लाइट सिम्युलेटर चालवणाऱ्याच्या संगणकाची खरी परीक्षा इथे होते. अरबी समुद्रावर पस्तीस हजार फुटांवर कोणताही बरा संगणक विमान झकास उडवतो. खाली, शेवटच्या काही शे फुटांत, विमानाचे नाक अलगद सावरायची वेळ येते आणि नेमके तेव्हाच चित्र थबकते. ते सुटेपर्यंत विमान मध्यरेषा सोडून बाजूला गेलेले असते.

म्हणून कुणी संगणक घेण्याबद्दल विचारायला आले, की मी बजेट नंतर विचारतो. आधी म्हणतो, तुमच्या आहे त्या मशीनवर हे लँडिंग करून दाखवा. आमच्या शेजारचे काका निवृत्तीनंतर मनापासून एअरबस ए-३२० उडवतात. लॅमिंग्टन रोडवरच्या संगणकांच्या दुकानांत चौकशी करून ते घरी आले, ते महागडे ग्राफिक्स कार्ड घ्यायचे ठरवूनच. ‘काका, एकदा बसू या,’ एवढेच मी म्हणालो.

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये डेव्हलपर मोड चालू केला की पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट दिसते. दर सेकंदाला किती फ्रेम निघताहेत आणि त्या कुणापायी अडताहेत, हे ती सांगते. समुद्रावर होतो तोवर तिथे ग्राफिक्स कार्डाचे नाव होते. खाडी ओलांडली तसे ‘लिमिटेड बाय मेनथ्रेड’, म्हणजे प्रोसेसरपायी अडले, ही अक्षरे आली आणि धावपट्टीला चाके टेकेपर्यंत हलली नाहीत. खात्री करायला रेझोल्यूशन निम्म्यावर आणले आणि पुन्हा तेच लँडिंग केले. चित्र धूसर झाले, इमारतींच्या कडा विरघळल्या, पण फ्रेमचा आकडा जागचा हलला नाही. ग्राफिक्स कार्डाचे काम एवढे हलके करूनही फरक पडत नाही, याचा अर्थ कार्ड रिकामे बसून प्रोसेसरची वाट पाहत होते. नवे कार्ड आणले असते तर तेही तसेच वाट पाहत बसले असते.

हे असे का होते, ते समजून घेण्यासारखे आहे. पंखांवरचा हवेचा दाब, इंजिने, वारा, आसपासची इतर विमाने, कॉकपिटमधले पडदे या सगळ्याचा मेळ प्रत्येक फ्रेमला बसवावा लागतो. त्यातले बरेचसे काम आधीच्या उत्तरावर पुढचे उत्तर असे साखळीने चालते, त्यामुळे ते सोळा कोअरना वाटून देता येत नाही. एकाच कोअरवर ओझे पडते. सेकंदाला ३० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला ३३ मिलिसेकंद मिळतात. शहरावर एखाद्या फ्रेमला १०० लागले, की डोळ्यांना झटका जाणवलाच. सरासरी आकडा तेव्हाही छानच दिसतो. म्हणून सरासरीवर माझा विश्वास नाही.

तेव्हा प्रोसेसर निवडताना कोअर किती, यापेक्षा एक कोअर किती वेगवान आणि त्याच्याजवळ कॅश, म्हणजे हाताशी असलेली झटपट मेमरी, किती, हे पाहावे. एएमडीच्या रायझन ७ ९८००एक्स३डी मध्ये ९६ एमबी एल-३ कॅश आहे. त्याच पिढीच्या साध्या ९७००एक्समध्ये ती ३२ एमबी आहे. दोघांचेही कोअर आठच. मिसळणाचा डबा हाताशी असलेल्या स्वयंपाकघरात जे घडते तेच इथे घडते: दर वेळी रॅमपर्यंतची खेप वाचते. सिम्युलेटरला या जास्तीच्या कॅशचा जितका फायदा होतो, तितका फार थोड्या प्रोग्रॅमना होत असेल.

याचा अर्थ ग्राफिक्स कार्ड कसलेही चालेल असा नाही. फोरके पडदा किंवा व्हीआर हेडसेट असेल तर बोजा खरोखरच कार्डावर येतो. त्यातही कार्डाची स्वतःची मेमरी आधी बघा. ती भरली की टेक्श्चर मुख्य रॅममधून आणावे लागतात आणि मान वळवून खिडकीबाहेर पाहताच अडखळ सुरू होते. सिम्युलेटरच्या नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या आवृत्तीसाठी मायक्रोसॉफ्टनेच ३२ जीबी रॅम, ८ जीबी ग्राफिक्स मेमरी आणि ५० एमबीपीएस इंटरनेट सुचवले आहे. भूप्रदेश नेटवरून उतरत राहतो, तेव्हा वायफायपेक्षा केबल बरी. फ्रेम जनरेशनने चित्र गुळगुळीत दिसते हे खरे, पण मधल्या फ्रेम कार्डाने रचलेल्या असतात. जॉयस्टिकला मिळणारा प्रतिसाद त्याने जलद होत नाही.

एक गोष्ट फुकटात होते आणि हमखास राहून जाते. डीडीआर५-६००० म्हणून घेतलेली रॅम बायोसमध्ये एक्स्पो किंवा एक्सएमपी चालू करेपर्यंत कमी वेगाने चालते, बहुधा ४८०० वर. दुकानातून जोडून आणलेल्या मशीनवरही हे तपासा. रॅमच्या दोन पट्ट्या जोडीने घ्या, एकच मोठी नको.

आपल्याकडे उन्हाळ्याचाही विचार करावा लागतो. बंद खोलीत प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग उतरवतो आणि डिसेंबरमध्ये सुरळीत चालणारे विमान मे महिन्यात धडपडू लागते. पुढून जाळी असलेला कॅबिनेट आणि चांगला कूलर यावर खर्च करायला कचरू नये. वीज जात असेल तर शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस घ्या.

काकांनी शेवटी प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम बदलली, कार्ड जुनेच ठेवले. भूप्रदेशाच्या तपशिलाचा टेरेन एलओडी स्लायडर २०० वरून १०० वर आणला आणि फ्रेम ३० वर बांधून टाकल्या. आता ते धावपट्टी २७ वर संध्याकाळच्या गर्दीतही सरळ मध्यरेषेवर उतरतात. तुम्हीही खरेदीला निघण्यापूर्वी तुमच्या आवडत्या, सर्वांत गजबजलेल्या विमानतळावर रेझोल्यूशन कमी करून एकदा उतरून पाहा. आकडा वाढला तर कार्ड घ्या, नाही वाढला तर प्रोसेसर.