मूठ वळायची नाही

रत्नागिरीच्या आसपास कुठे घराचे बांधकाम चालू असेल, तर तिथे जरा थांबून पाहावे. जांभ्याचा चिरा डोक्यावर घेऊन एखादी बाई फळीवरून वर चढत असते. मान ताठ, पोटऱ्या घट्ट, दंड कातीव. तिच्या ताकदीबद्दल कुणाची तक्रार नसते, कारण ती ताकद कामाला जुंपलेली असते. तीच बाई मंचावर उभी राहून ‘हा माझा दंड, बघा’ म्हणाली तर? हा प्रश्न मनात घेऊन मी काही वर्षे स्त्रियांच्या शरीरसौष्ठव स्पर्धांचा इतिहास धुंडाळतो आहे.

आपल्या भाषेने यात आधीच निवाडा देऊन ठेवला आहे. पुरुषाचे शरीर पिळदार, भरदार, कमावलेले. बाईचे कमनीय, सुडौल, नाजूक. आणि ती जरा मजबूत निघाली की थोराड, आडदांड, पुरुषी. ‘कमावलेले शरीर’ हे शब्द बाईसाठी वापरलेले मी क्वचितच ऐकले.

माझा शोध सुरू झाला तो पुण्यातल्या एका नावावरून. राष्ट्रीय विषाणू संस्थेत तांत्रिक अधिकारी असलेल्या दीपिका चौधरी या ‘फिगर’ गटात आंतरराष्ट्रीय शरीरसौष्ठव महासंघाचे, म्हणजे आयएफबीबीचे, व्यावसायिक कार्ड मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री. हे वाचताना आनंद झाला आणि एक शब्द खटकला. ‘फिगर’ का? सरळ ‘बॉडीबिल्डिंग’ का नाही? या प्रश्नाचा माग काढत मी एका ऑस्ट्रेलियन बाईपाशी पोहोचलो.

बेव्ह फ्रान्सिस यांचा जन्म 1955चा, गिलाँग या गावचा. त्या मुळात गोळाफेकपटू. त्यांचे प्रशिक्षक होते फ्रान्झ स्टाम्फल, म्हणजे रॉजर बॅनिस्टर यांनी चार मिनिटांच्या आत मैल धावून दाखवला तेव्हा त्यांच्या पाठीशी असलेले तेच गृहस्थ. पुढे बेव्ह पॉवरलिफ्टिंगकडे वळल्या. 1980 ते 1985 अशी सलग सहा वर्षे त्या जगज्जेत्या होत्या. बेंच प्रेसमध्ये त्यांनी 150 किलो उचलले. इथवर त्यांच्या वाट्याला वाद आला नाही, कारण लोखंड किती उचलले हे लोखंडच सांगते. बाईने उचलले म्हणून किलो कमी होत नाही.

1983मध्ये लास व्हेगासच्या ‘सीझर्स वर्ल्ड कप’ शरीरसौष्ठव स्पर्धेत त्या उतरल्या, तेव्हा प्रथमच त्यांचे माप पंचांच्या हाती गेले. ही स्पर्धा ‘पंपिंग आयर्न 2 : द वुमेन’ (1985) या चित्रपटात टिपलेली आहे. त्यातला पंचांच्या बैठकीचा प्रसंग मुळातून पाहण्याजोगा आहे. महासंघाचे अध्यक्ष बेन वायडर सांगतात की स्नायू हवेत, पण बाईचे बाईपण दिसले पाहिजे. एक तरुण पंच हरकत घेतो : बायकांनी अमुक वेगापुढे बर्फावरून घसरायचे नाही असे स्कीइंगची संघटना कधी सांगेल का? त्याच्या प्रश्नाला धड उत्तर मिळत नाही. मंचावर सर्वांत जास्त स्नायू बेव्ह यांच्या अंगावर होते. त्या आठव्या आल्या. पहिली आली कार्ला डनलॅप.

पुढची आठ वर्षे म्हणजे एका शरीराने नियमाचा अंदाज घेत काढलेली वर्षे. 1987मध्ये बेव्ह यांनी व्यावसायिक विश्वविजेतेपद मिळवले. पण सर्वोच्च मानल्या जाणाऱ्या ‘मिस ऑलिंपिया’त 1987, 1988 आणि 1989 अशी तिन्ही वर्षे त्या तिसऱ्या आल्या. पंचांना हवा तसा आकार त्यांनी उतरवून पाहिला; 1990मध्ये दुसरा क्रमांक आला. 1991मध्ये त्यांनी तो हिशेब सोडला आणि आपल्याला हवे तेवढे, अगदी शिगोशीग शरीर घेऊन त्या मंचावर आल्या. लेंडा मरे यांच्याकडून अवघ्या एका गुणाने हरल्या आणि स्पर्धेतून निवृत्त झाल्या. नंतर न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर त्यांनी व्यायामशाळा चालवली.

बेव्ह थांबल्या, तरी प्रश्न थांबला नाही. महासंघाने नवेनवे गट काढले. मिस ऑलिंपियाची सुरुवात 1980ची. ऑलिंपियाच्या मंचावर 1995मध्ये ‘फिटनेस’ आला, 2003मध्ये ‘फिगर’, 2010मध्ये ‘बिकिनी’, 2013मध्ये ‘विमेन्स फिजिक’. दरम्यान, 2004च्या अखेरीस एक पत्रक निघाले : स्त्री स्पर्धकांनी आपले स्नायू 20 टक्क्यांनी कमी करावेत. टक्के कशाचे आणि मोजायचे कशाने, हे खेळाडूंनी आपापले ठरवायचे. खुद्द मिस ऑलिंपिया 2014नंतर बंद पडली, ती 2020मध्ये परतली.

या गटांतले नियम बारकाईने पाहिले की सगळा मामला उलगडतो. ‘फिगर’मध्ये उंच टाचांचे बूट घालून चार दिशांना वळत उभे राहायचे, दंड फुगवून दाखवायचा नाही. ‘फिजिक’मध्ये स्नायू जास्त चालतात, पाय अनवाणी असतात, दंड दाखवता येतो, पण पंजा उघडा हवा. मूठ वळायची नाही. मूठ वळली की ते बॉडीबिल्डिंग. महिनोन्‌महिने वजने उचलून, मोजून जेवून, चरबी उतरवून जे उभे केले, ते दाखवताना बोटे मोकळी ठेवायची.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 20 टक्क्यांच्या पत्रकात आरोग्याचेही कारण होते आणि या खेळाला लागलेली उत्तेजकांची कीड खरीच आहे. पण ती पुरुषांच्या मंचावरही आहे. त्यांना मात्र टक्के कापायला कुणी सांगितले नाही. शिवाय ‘फिगर’सारख्या गटांमुळेच नोकरी सांभाळून व्यायाम करणाऱ्या कितीतरी जणींना मंच मिळाला. पुण्याच्या प्रयोगशाळेतून निघालेली वाट याच दारातून पुढे गेली. दार अरुंद आहे म्हणून त्यातून गेलेलीचे श्रम कमी ठरत नाहीत.

मला खटकलेल्या शब्दाचे उत्तर असे मिळाले. ‘फिगर’ म्हणजे बाईची ताकद कुठवर दिसू द्यायची, याची आखून दिलेली एक रेघ. ती रेघ महासंघाने आखली हे खरे. पण ‘थोराड’ आणि ‘पुरुषी’ म्हणत आपणही ती रोज आखतो. पोटापाण्यासाठी चिरा वाहणारीचा दंड आणि हौसेने घडवलेला दंड, दोन्ही घामाचेच. निदान मराठीपुरते एवढे करता येईल : पुढच्या वेळी अशी बाई दिसली, तर तिचे शरीर ‘कमावलेले’ आहे, असे म्हणून पाहावे.