गडगडाटाखालील उद्गार

जेम्स व्हेल यांनीं दिग्दर्शित केलेला 'फ्रँकेन्स्टाइन' हा भयपट अमेरिकेंत १९३१ सालीं निघाला. प्रेतांच्या अवयवांपासून घडविलेला देह हालूं लागतांच त्यांतील शास्त्रज्ञ उन्मत्त होतो आणि ईश्वर होणें म्हणजे काय तें आपणांस आतां कळलें, असें ओरडतो. १९३४ नंतर तेथील चित्रपटांची नियमावली कडकपणें पाळली जाऊं लागली व पुनःप्रदर्शनाच्या वेळीं हें वाक्य पाखंडी ठरून मेघगर्जनेखालीं दडपलें गेलें.

कित्येक वर्षांनीं घरीं पाहावयाच्या व्हिडिओ आवृत्तीसाठीं मूळ आवाजाचा शोध झाला. आरंभीच्या काळीं कांहीं चित्रगृहांत बोलपटाचा आवाज तबकड्यांवरून वाजवीत. तशाच एका तबकडीवर तो उद्गार सांपडला व चित्राशीं जुळवून पुन्हां बसविण्यांत आला.

आमच्या मतें हें पोथीच्या पाठशुद्धीचेंच काम होय. प्रक्षेप काढावा, मूळ पाठ राखावा. खरखर पुसावी, पण तिच्याबरोबर नटाचा श्वास पुसूं नये. ज्या गर्वामुळें पुढील सारा अनर्थ ओढवतो, तो गर्वच ऐकूं आला नाहीं, तर मुलांनीं त्या कथेंतून बोध तरी कोणता घ्यावा?