हौसेला मुदत हवी

१९९९ च्या जुलैमध्ये अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात २१ जणांनी मिळून ठरवलं, की या महिन्यात प्रत्येकाने एक कादंबरी लिहायची. कल्पना ख्रिस बॅटी या तरुणाची. कादंबरी केवढी, तर ५०,००० शब्दांची. पुढच्या वर्षी हा उपक्रम नोव्हेंबरमध्ये हलवला गेला, कारण तिकडे नोव्हेंबरची हवा कुंद असते आणि घरात बसून लिहिणं सोपं जातं. ‘नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ’, थोडक्यात ‘नॅनोरायमो’, या नावाने तो जगभर पोचला आणि लाखो लोकांनी त्यात भाग घेतला. सारा ग्रुएन यांची ‘वॉटर फॉर एलिफंट्स’ आणि एरिन मॉर्गनस्टर्न यांची ‘द नाइट सर्कस’ या गाजलेल्या कादंबऱ्यांची सुरुवात याच उपक्रमात झाली.

२००९ मध्ये जेक पार्कर या अमेरिकी चित्रकाराला आपला शाईकामातला हात सुधारायचा होता. त्याने ऑक्टोबरभर रोज एक शाईचं चित्र काढून इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली. त्यातून ‘इंकटोबर’ उभं राहिलं. २०१६ पासून पार्कर ३१ दिवसांसाठी ३१ शब्दांची यादीही देऊ लागला. आज ऑक्टोबर उजाडला की पुण्या-मुंबईतले कलाशाखेचे विद्यार्थी आणि नोकरी सांभाळून चित्रं काढणारेही त्या यादीतला शब्द पाहून दिवसाचं चित्र ठरवतात.

असे उपक्रम आता वर्षभर चालतात. एप्रिलमध्ये रोज एक कविता लिहिण्याचा प्रघात मॉरीन थॉर्सन या अमेरिकी कवयित्रीने २००३ मध्ये पाडला. फेब्रुवारीच्या २८ दिवसांत १४ गाणी रचायचा एक उपक्रम २००४ पासून चालू आहे. बार्सिलोनाच्या दोन डिझायनरांनी २०१४ मध्ये ‘थर्टी-सिक्स डेज ऑफ टाइप’ सुरू केला. त्यात रोमन लिपीची २६ अक्षरं आणि १० अंक रोज एक याप्रमाणे रेखाटायचे असतात.

बक्षीस नाही, मानधन नाही, परीक्षकही नाही. तरीही माणसं महिनाभर नेटाने हे करतात. याचं कारण मला एकाच गोष्टीत दिसतं. आपल्या कामाला मुदत असते, मुलांच्या परीक्षेला असते, विजेच्या बिलाला असते. हौसेला मात्र मुदत नसते, म्हणून ती कायम ‘सवड मिळाली की’ या रांगेत शेवटी उभी राहते. हे उपक्रम हौसेला मुदत देतात.

मुदतीतून आलेलं मोठं काम

मुदत आली की कला घाईची होते, अशी समजूत आपल्याकडे पक्की आहे. मराठीचा अनुभव याच्या उलट आहे. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यात क्रमशः छापली. पुढचं प्रकरण वेळेवर देणं भागच होतं. ‘मनोरंजन’ मासिकाचे संपादक काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून मराठी लेखकाला दरवर्षीची एक ठरलेली तारीख मिळाली. दिवाळीच्या कितीतरी आधी, पावसाळ्यातच संपादकांचे निरोप सुरू होतात. कित्येक कथा त्या निरोपांमुळे कागदावर उतरल्या असतील.

सगळ्यांत बोलकं उदाहरण ‘गीतरामायणा’चं. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवर त्याचा आरंभ झाला. पुढचं वर्षभर ग. दि. माडगूळकर गीत लिहीत होते, सुधीर फडके चाल बांधत होते आणि दर आठवड्याला नवं गीत प्रसारित होत होतं. गीतांची संख्या ५६ झाली. प्रतिभा माडगूळकर-फडक्यांचीच होती. पण आठवडा संपण्याच्या आत गीत तयार हवं, ही अट आकाशवाणीची होती, आणि त्या अटीने त्या प्रतिभेला एक वर्ष सलग कामाला लावलं.

व्यावसायिक कलावंताला मुदत देणारं कोणीतरी असतं. बँकेत नोकरी करून कविता लिहिणाऱ्याला किंवा घर सांभाळून चित्रं काढणारीला तसं कोणी नसतं. महिनाभराच्या आव्हानांचा खरा उपयोग या माणसांना आहे.

आकडा, चौकट आणि सोबत

या उपक्रमांची रचना पाहिली तर तीन गोष्टी सगळीकडे सापडतात.

पहिली गोष्ट आकडा. ५०,००० शब्द ३० दिवसांत म्हणजे रोज सुमारे १,६६७. हा आकडा दर्जाविषयी काही बोलत नाही, आणि तेच त्याचं बळ आहे. ‘चांगली कथा लिहीन’ हा संकल्प संध्याकाळपर्यंत पार पडला की नाही, हे ठरवताच येत नाही. ‘दोनशे शब्द लिहीन’ हा पार पडला की नाही, ते लगेच कळतं. शिवाय दर्जाचा विचार बाजूला ठेवला की पहिलं वाक्य पाच वेळा खोडण्याची खोड सुटते. खोडणं, कापणं, पुन्हा बांधणं हे नंतरचं काम आहे. ते करायला आधी खर्डा हातात लागतो.

दुसरी गोष्ट चौकट. इंकटोबरमध्ये चित्र शाईनेच पुरं करायचं, म्हणजे ओढलेली रेघ खोडता येत नाही. विषयही दिलेला. कोऱ्या कागदासमोर बसलेल्या माणसाला सगळंच मोकळं असलं की सुचत नाही. एक शब्द मिळाला की मन त्याच्याभोवती शोध घेऊ लागतं. आपल्या परंपरेला हे नवीन नाही. काव्यसभांमध्ये एक चरण देऊन उरलेला श्लोक पुरा करायला सांगत, ती समस्यापूर्ती म्हणजे याच प्रकारचं आव्हान होतं. कलगी-तुऱ्याच्या फडात समोरच्या शाहिराने टाकलेल्या सवालाला तिथल्या तिथे जवाब रचावा लागे. बंधनात कल्पना खुलते, हे त्या रचनाकारांना अनुभवाने ठाऊक होतं.

तिसरी गोष्ट सोबत. त्याच दिवशी, त्याच शब्दावर हजारो लोक चित्र काढत असतात. कोणाचं चित्र आपल्यापेक्षा सरस असतं, कोणाचं कच्चं, पण प्रत्येक जण त्याच अडचणीतून गेलेला असतो. एकट्याने चालवलेल्या छंदाला ही सोबत फार मोलाची वाटते.

महिन्याभरात सवय लागते का?

‘एकवीस दिवस केलं की सवय लागते’ हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये छापून आला. जेवणाबरोबर फळ खाणं, पाणी पिणं, थोडा व्यायाम अशा साध्या गोष्टी अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. माणसागणिक फरकही मोठा होता: कोणाला १८ दिवस, तर कोणासाठी २५४ दिवसांचा अंदाज निघाला. पाणी पिण्याची ही गत, तर कथा लिहिण्याची सवय एका महिन्यात पक्की होईल अशी आशा धरू नये. म्हणून महिना संपल्यावर ‘मला सवय लागलीच नाही’ असं म्हणून कोणी हात टेकू नयेत. एक महिना ही सुरुवात आहे, सलग दोन-तीन महिने आखावे लागतात.

त्याच अभ्यासात आणखी एक दिलासा आहे. मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. नवव्या दिवशी पाहुणे आले, चित्र राहिलं आणि ‘आता साखळी तुटली’ म्हणून दहाव्या दिवशी वही मिटली, असं फार जणांचं होतं. पार्करने तर इंकटोबरच्या नियमांतच सोय ठेवली आहे: रोज जमत नसेल तर एक दिवसाआड काढा, तेही जमत नसेल तर आठवड्याला एक काढा, पण जे ठरवाल त्यात सातत्य ठेवा.

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांचं कामही इथे उपयोगी पडतं. ‘मी हे करणार’ एवढाच संकल्प करण्यापेक्षा ‘अमुक झालं की मी तमुक करणार’ असा वेळ आणि जागा बांधून केलेला बेत जास्त पार पडतो, असं त्यांनी दाखवलं. ‘रोज चित्र काढीन’ यापेक्षा ‘रात्रीची भांडी आवरली की जेवणाच्या टेबलावर पंधरा मिनिटं चित्र काढीन’ हा बेत बळकट. पंधरा मिनिटं कमी वाटतात, पण ३० दिवसांत त्यांचे साडेसात तास होतात. एवढ्या वेळात हाताला वळण यायला सुरुवात होते.

आपला महिना आपण आखायचा

ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने अमेरिकेच्या हवेला सोयीचे आहेत. आपल्याकडे त्याच दिवसांत नवरात्र, दसरा, दिवाळीची साफसफाई आणि फराळ येतो. बॅटीने हवा पाहून महिना बदलला, तसा आपणही बदलावा. ज्याला पावसाळ्यात निवांतपणा मिळतो त्याने जुलै घ्यावा, शिक्षकाने मे घ्यावा.

आकडाही आपलाच हवा. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला जोडूनच लिहिली जातात, त्यामुळे तोच मजकूर इंग्रजीपेक्षा कमी शब्दांत बसतो. इंग्रजीतला ५०,००० चा आकडा जसाच्या तसा उचलला तर मराठीत बरंच जास्त लिहावं लागेल. पहिल्या महिन्याला रोज २०० शब्द, २५ दिवस, असं धरलं तर ५,००० शब्द होतात. दिवाळी अंकातली एक ऐसपैस कथा तेवढ्यात होते. उरलेले पाच दिवस खाडे म्हणून आधीच मान्य करावेत. दुधाचा हिशेब आपण भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तारखेच्या चौकटीत लिहितो आणि खाडेही तिथेच मांडतो. तसाच आपल्या कामाचा हिशेब ठेवावा. दिवसाचा आकडा चौकटीत दिसला की महिना आपोआप डोळ्यांसमोर राहतो.

चौकटही आपल्या मातीतली शोधता येते. अक्षरलेखनाची आवड असेल तर २६ रोमन अक्षरांमागे जायचं कारण नाही. एका व्यंजनाची बाराखडी बारा दिवसांत बोरूने लिहावी, मग देवनागरीचे दहा अंक घ्यावेत. चित्रं काढणाऱ्याने महिनाभर फक्त स्वयंपाकघरातली भांडी किंवा फक्त एसटी स्टँडवरची माणसं घ्यावीत. गाणाऱ्याने एकच राग घेऊन रोज एक नवी तान बांधून ध्वनिमुद्रित करावी. विषय जितका आखीव, तितकं रोज ‘आज काय करू’ यात जाणारं बळ वाचतं.

संकल्प नको, काम दाखवा

इंटरनेटवर भाग घेताना दोन गोष्टींची काळजी घ्यावी. गोलविट्झर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं, की ‘मी अमुक होणार’ अशा प्रकारचा संकल्प दुसऱ्याने ऐकून घेतला की माणसं त्यासाठी कमी कष्ट घेतात. शाबासकी आधीच मिळाल्यासारखी होते. म्हणून एक तारखेला ‘या महिन्यात कादंबरी लिहितेय’ असं जाहीर करण्यापेक्षा सात तारखेला झालेली पानं चार विश्वासू मित्र-मैत्रिणींना दाखवावीत. व्हॉट्सॲपवरचा पाच जणांचा गटही पुरतो. हजारो अनोळखी लोकांच्या पसंतीच्या आकड्याकडे पाहून चित्र काढायला लागलो, की आपण त्या पसंतीला सोयीची चित्रं काढू लागतो आणि शिकायचं राहून जातं.

दुसरं म्हणजे उपक्रमावर विसंबू नये. नॅनोरायमोच्या आयोजक संस्थेची २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीच्या भूमिकेमुळे लेखकांशी फारकत झाली, पैशाची ओढाताण आधीपासून होतीच, आणि ३१ मार्च २०२५ ला संस्थेने काम बंद करत असल्याचं जाहीर केलं. पंचवीस वर्षांची सोबत संपली, म्हणून अनेकांना मनापासून वाईट वाटलं. पण नोव्हेंबरमध्ये लिहायला बसणं ज्यांनी अंगी बाणवलं, त्यांचं लिहिणं त्या संस्थेच्या हातात कधीच नव्हतं.

महिना संपला की शेवटचं काम उरतं, आणि बहुतेक जण तेच टाळतात. सगळी चित्रं जमिनीवर मांडावीत, सगळी पानं एका बैठकीत वाचावीत. तीस चित्रांतली चोवीस-पंचवीस साधी निघतील, आणि ते ठीकच आहे. उरलेल्या पाच-सहांमध्ये आपला हात कुठे रमतो ते दिसतं. कोणाला कळतं की माणसांपेक्षा झाडं चांगली जमतात, कोणाला कळतं की संवाद जमतात आणि वर्णनं अडतात. पुढच्या महिन्याचा आकडा आणि चौकट या उत्तरावरून ठरवावी. अशी निवड दर महिन्याला करत गेलं, तर वर्षअखेरीस हातात बरीच चांगली कामं आणि स्वतःच्या कलेची नेमकी ओळख असेल. ज्या हौसेसाठी आयुष्यात सवड कधीच मिळाली नाही, तिला एवढी मुदत द्यायला नक्कीच हवी.