सिस्टर, तुम्हाला भीती नाही वाटत?

मनोरुग्णालयात नोकरी करते म्हटलं की लग्नाच्या पंगतीतही हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सिनेमातला वॉर्ड असतो: गज, आरडाओरडा, आणि चौघं मिळून एकाला खाटेला जखडतायत. माझी सकाळ यापेक्षा कंटाळवाणी असते. दात घासा म्हणून मागे लागायचं, गोळी गिळली की जिभेखाली दडवली ते बघायचं, रात्री कोण किती झोपलं ते लिहायचं, आणि जी बाई दोन दिवस जेवलेली नाही तिच्याशेजारी नुसतं बसायचं.

मनोरुग्ण म्हणजे मारकुटा, हा सगळ्यात जुना गैरसमज. बहुतेक जण कधीच कुणावर हात उगारत नाहीत; मार खाण्याची, फसवलं जाण्याची वेळ त्यांच्यावरच जास्त येते. ज्याचा तोल सुटतो त्याचाही अचानक क्वचितच सुटतो. आधी येरझाऱ्या सुरू होतात, आवाज चढतो, मुठी वळतात. तेवढ्यात आपण आपला आवाज खाली आणायचा, दाराची वाट मोकळी ठेवायची आणि बघ्यांना बाहेर काढायचं. दहांनी मिळून एकाला समजवायला गेलं की हमखास बिनसतं.

‘पण बांधता तर खरं?’ 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 2018 च्या मे महिन्यात लागू झाला. त्यात साखळदंडाला पूर्ण मनाई आहे आणि एकट्याला कोंडून ठेवण्यालाही. जिवावर बेतत असेल आणि दुसरा काहीच इलाज नसेल तरच, मानसोपचारतज्ज्ञाच्या आदेशाने आणि गरजेपुरतंच बांधता येतं. शिक्षा म्हणून नाही, आणि स्टाफ कमी आहे म्हणूनही नाही. शेवटची अट कायद्यात लिहावी लागली, यातच काय ते आलं. तमिळनाडूतल्या एरवाडीत मनोरुग्णांना ठेवायच्या जागेला ऑगस्ट 2001 मध्ये आग लागली, तेव्हा साखळीने बांधलेल्यांना पळताही आलं नाही. पंचवीसहून जास्त माणसं जळून गेली.

आता घरोघरी होणारी चूक. पेशंटला आवाज ऐकू येतात. घरचे एक तर भांडतात, ‘कुठंय आवाज? दाखव!’ नाहीतर समजूत काढायला मान डोलावतात, ‘हो, मलाही आला.’ दोन्हीने नुकसानच होतं. भांडलात तर तो तुम्हाला सांगायचं बंद करतो, आवाज मात्र चालूच राहतात. हो म्हणालात तर त्याच्या भीतीवर तुम्हीच शिक्का मारता. आमच्या वॉर्डातल्या एक काकू खिडकीकडे बघून सारख्या ‘आले, आले’ म्हणायच्या. त्यांना मी एवढंच म्हटलं, ‘काकू, मला नाही तो आवाज येत. पण तुम्हाला येतोय आणि त्रास होतोय, हे दिसतंय मला. काय म्हणतोय तो?’ हा शेवटचा प्रश्न विसरू नका. आवाज नुसता नाव घेऊन हाक मारतोय की खाली उडी टाक म्हणतोय, त्यावर त्या रात्री खाटेजवळ कुणी बसायचं ते ठरतं.

दुसरी चूक चहातली. गोळी घेत नाही म्हणून कुटून चहात घालतात. कळतं मला, आई थकलेली असते. पण ज्याला आधीच वाटतंय की घरचे आपल्याला विष घालतायत, त्याला कपाच्या तळाशी पांढरा चुरा दिसला तर? त्याचा संशय खरा ठरला! मग चहाच काय, तो जेवणही सोडतो. त्यापेक्षा डॉक्टरांना सरळ सांगा. काही औषधं दोन-चार आठवड्यांतून एकदा इंजेक्शननेही देता येतात.

गोळ्या सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांत कुणाची मान एका बाजूला वळते, डोळे वर जातात, जीभ जड होते. घरचे म्हणतात अंगात आलं, आणि पेशंटची गाडी देवस्थानाकडे वळते. हॅलोपेरिडॉलसारख्या औषधांचा हा ठाऊक असलेला दुष्परिणाम आहे. योग्य इंजेक्शन दिलं की साधारण अर्ध्या तासात मान सरळ होते. याच औषधांनी कुणाला एका जागी बसवत नाही, पाय सारखे हलतात. ते वेड वाढल्याचं लक्षण समजून डोस वाढवला तर तगमग आणखी वाढते. हे आधी सिस्टरच्या नजरेला पडतं, कारण आठ तास तीच तिथे असते.

शॉकबद्दल थोडक्यात: भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय तो देणं आता बेकायदा आहे.

आत्महत्येचं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात भरतो, असं शिकलेली माणसंही मानतात. तसं होत नाही. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं स्पष्ट विचारल्यावर बहुतेकांना सुटल्यासारखं होतं. प्रयत्न करून बसलेल्याला दवाखान्यात आणतात तेव्हा घरचे सांगतात, ‘फवारणीचं औषध चुकून प्यायला.’ पोलीस केसची भीती. आज कायदा अशा माणसाला प्रचंड ताणाखाली होता असंच धरतो, आणि नुसता जीव द्यायचा प्रयत्न केला म्हणून त्याच्यावर खटला चालत नाही. तेव्हा काय, किती आणि कधी घेतलं ते खरं सांगा. घरी असताना रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा फुकट नंबर आहे, मराठीतही बोलता येतं.

राहता राहिलं ‘एकदा आत गेला की संपला’. स्वतःहून ॲडमिट झालेल्याने घरी जातो म्हटलं तर तपासणीसाठी त्याला फार तर 24 तास थांबवता येतं. दुसऱ्याच्या अर्जावर केलेली भरती आधी 30 दिवसांपुरतीच असते. तरी माझ्या वॉर्डात बऱ्या झालेल्या बायका वर्षानुवर्षं आहेत. त्यांना आम्ही धरून ठेवलेलं नाही. तुमच्या ओळखीत अशी कुणी असेल, तर एकदा येऊन तिला घरी घेऊन जा.